टॉवर नेमका कुठे आहे?

यंदाच्या अंकाचा विषय ‘ठावठिकाणा’ असल्याचं संपादकांनी कळवलं. नकाशे, गॅझेटिअर, गावांची बदललेली नावं यांवर इतर लेखक लिहितीलच. मला पाहायचं होतं ते वेगळं. उपग्रहांची मदत न घेता, निव्वळ टॉवरच्या आधाराने, मोबाईलचं जाळं आपल्या खिशातला फोन कसा शोधतं? चौकशीला सुरुवात केली आणि पहिल्याच भेटीत कळलं, की फोन कुठे आहे हा प्रश्न दुसरा आहे. टॉवर नेमका कुठे आहे, हा पहिला. त्याचं उत्तर सैल असेल, तर पुढचं सगळं गणित सैल होतं.

गच्चीचे तीन कोपरे

पुण्याच्या मध्यवस्तीतली पाच मजली इमारत. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी आणि तीन कोपऱ्यांत तीन लोखंडी पोल. प्रत्येक पोलवर उभट, राखाडी अँटेना. या कामातल्या लोकांच्या बोलीत हे तीन सेक्टर: अल्फा, बीटा, गॅमा. कंत्राटदाराचा रिगर हार्नेस अडकवून पोलवर चढला होता. आरएफ इंजिनिअर लॅपटॉप उघडून टाकीच्या सावलीत बसला होता.

“सर, एकशे अठरा दाखवतंय.”

“पोलपासून लांब धर रे जरा. लोखंड सुई ओढतंय.”

“आता एकशे चोवीस.”

हा आकडा म्हणजे अझिमथ. अँटेनाचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने किती अंश फिरलेलं आहे, ते तो सांगतो. दुसरा आकडा टिल्टचा, म्हणजे अँटेना जमिनीकडे किती झुकली आहे त्याचा. झुकाव दोन तऱ्हेचा असतो. एक ब्रॅकेटमधून हाताने दिलेला, दुसरा अँटेनाच्या आतल्या विजेच्या जोडणीतून दिलेला. दुसरा बाहेरून दिसतच नाही. अँटेना ताठ उभी दिसते, पण तिच्या लहरी खाली रस्त्याकडे वळलेल्या असतात.

फोनला रेंज देण्यापुरतं पाहिलं, तर अझिमथमधला चार-पाच अंशांचा फरक सहसा खपून जातो. लहरी पसरट असतात आणि कडेचा भाग शेजारचा सेक्टर सांभाळून घेतो. तोच कोन वापरून फोन शोधायचा म्हटलं, की हिशेब बदलतो. एक किलोमीटर अंतरावर पाच अंशांची चूक म्हणजे ८७ मीटर. पेठांमध्ये तेवढ्यात दोन बोळ आणि एक चौक येऊन जातो.

मग मी साइटची नोंद पाहायला मागितली. तिथे अक्षांश-रेखांशाची एकच जोडी होती, तिन्ही सेक्टरना मिळून. ती घेतली होती जिन्याच्या तोंडाशी. अल्फा आणि गॅमा यांच्यातलं अंतर तर गच्चीच्या पूर्ण लांबीएवढं. आकडेही दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंतच लिहिलेले. अक्षांशाचं चौथं घर म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर, पाचवं घर म्हणजे सुमारे १.१ मीटर. जिथे चौथ्या घरापाशी आकडा थांबतो, तिथे मोजमापाआधीच पाचेक मीटरचा घोळ पदरात पडलेला असतो.

शिवाय एक चूक अशी, जी रिगर आणि इंजिनिअर दोघांनाही चांगली ठाऊक आहे. अँटेना बदलताना केबली अदलाबदल होतात आणि अल्फाचा सिग्नल बीटाच्या अँटेनातून बाहेर पडू लागतो. याला ते क्रॉस फीडर म्हणतात. फोन लागतात, बोलणं होतं, त्यामुळे तक्रार लवकर येत नाही. नोंदीत मात्र पूर्वेचा माणूस दक्षिणेला दिसत राहतो.

एका नॅनोसेकंदाची लांबी

टॉवरकडून फोन शोधण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे फोन कोणत्या सेक्टरशी जोडलेला आहे ते पाहणं. बातम्यांमध्ये आपण ‘टॉवर लोकेशन’ वाचतो, ते बहुतेकदा एवढंच असतं. शहरात हा परिसर काहीशे मीटरचा, माळरानावर काही किलोमीटरचा.

दुसरी रीत वेळेची. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत यायला किती उशीर होतो, यावरून अंतर काढायचं. असा अंदाज जाळ्याला स्वतःच्या कामासाठी लागतोच, कारण दूरच्या फोनला थोडं आधी बोलायला सांगावं लागतं. जुन्या जीएसएममध्ये या मापाची एक पायरी सुमारे ५५० मीटरची होती. फोर-जीत ती ७८ मीटरच्या आसपास आली. एका टॉवरपासूनचं अंतर कळलं, की फोन त्याभोवतीच्या एका वर्तुळावर कुठेतरी असतो. तीन-चार टॉवरांची वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे त्याची जागा ठरते. कधी अंतराऐवजी दोन टॉवरांकडून आलेल्या सिग्नलच्या वेळांतला फरक घेतात. मग वर्तुळांच्या जागी वक्ररेषा येतात, पण तत्त्व तेच राहतं.

रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशात, त्या ३० सेंटिमीटर पुढे सरकतात. वेळ मोजण्यात दहा नॅनोसेकंदांची चूक झाली, तर फोन तीन मीटर सरकतो, म्हणजे या खोलीतून पलीकडच्या खोलीत जातो.

तिसरी रीत कोनाची. फाइव्ह-जीच्या मोठ्या अँटेनांमध्ये ६४ स्वतंत्र वाटा असतात. भारतात फाइव्ह-जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा मधला पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिथे लहरीची लांबी साधारण ८.६ सेंटिमीटर, म्हणून शेजारशेजारचे घटक तिच्या सुमारे निम्म्या अंतरावर बसवलेले असतात. फोन समोर असेल तर लहर सगळ्यांवर एकदमच पोचते. तो बाजूला असेल तर एका कडेला आधी, दुसऱ्या कडेला नंतर. या मागेपुढे होण्याला फेज म्हणतात आणि त्यावरून दिशा निघते. पण प्रत्येक घटकामागची वायर, फिल्टर आणि ॲम्प्लिफायर आपापल्या परीने थोडा उशीर लावतात. शेजारच्या दोन घटकांमध्ये फेजची फक्त दहा अंशांची चूक राहिली आणि हिशेब त्या दोघांवरच केला, तर दिशा तीन अंशांनी चुकते. अर्ध्या किलोमीटरवर ती चूक २५ मीटरच्या पुढे जाते. घटक पुष्कळ असले, की त्यांच्या सुट्या सुट्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. सर्वांना एकाच बाजूला ओढणारी चूक मात्र तशी खोडली जात नाही. ती मोजूनच काढावी लागते.

अँटेनाचा बिंदू

‘अँटेना इथे आहे’ असं म्हणताना बोट नेमकं कुठे ठेवायचं? पॅनल दीड-दोन हात उंच असतं. लहर त्याच्या तळातून निघते, मध्यातून की पृष्ठभागाच्या थोडी पुढून?

हा प्रश्न मोबाईलवाल्यांच्या आधी भूमापन करणाऱ्यांना पडला होता. जीपीएसने सेंटिमीटरचं मोजमाप करणाऱ्यांना दिसलं, की लहर जिथे ‘पोचली’ असं गणित म्हणतं तो बिंदू अँटेनाच्या तळापासून काही सेंटिमीटर वर असतो. शिवाय उपग्रह डोक्यावर असला की तो एका जागी असतो, क्षितिजाजवळ गेला की किंचित हलतो. या बिंदूला फेज सेंटर म्हणतात. तो हाताला लागत नाही, म्हणून अँटेनाच्या तळाशी एक ठरलेला संदर्भबिंदू धरतात आणि तिथून फेज सेंटर कोणत्या दिशेला किती सरकतं याचा तक्ता प्रत्येक मॉडेलबरोबर देतात. हे तक्ते करायला अँटेना यंत्रमानवाच्या हातावर बसवून हजारो कोनांतून फिरवतात. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेने २००६ च्या नोव्हेंबरात अशा निरपेक्ष तक्त्यांचा स्वीकार केला. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाची महाराष्ट्रासह देशभर कायम चालू असणारी जी संदर्भकेंद्रं आहेत, त्यांचा सेंटिमीटरचा नेमकेपणा याच शिस्तीवर उभा आहे. गावठाणांच्या ड्रोन-मोजणीला त्यांचाच आधार मिळतो.

मोबाईलच्या जाळ्याला हा प्रश्न उशिरा पडला, कारण आधी तशी गरज नव्हती. आता मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या जागतिक मंचाच्या नियमांत अँटेना संदर्भबिंदू आला आहे. एकाच साइटवरच्या वेगवेगळ्या अँटेनांची, किंबहुना एकेका लहर-झोताची, जागा वेगळी सांगण्याची सोय त्यात आहे. गच्चीच्या तीन कोपऱ्यांना तीन पत्ते देता येतात. पण सोय आहे म्हणजे नोंद झाली, असं होत नाही. त्यासाठी कुणीतरी मोजपट्टी आणि रिसीव्हर घेऊन वर चढावं लागतं.

बिंदू ठरल्यावर उरतो तो अँटेनामागचा उशीर. पूर्वी रेडिओ खाली खोलीत असायचा आणि जाड फीडर केबल टॉवरवर जायची. तीस मीटरच्या फीडरमध्ये शंभरावर नॅनोसेकंद जात. आता रेडिओ अँटेनाजवळ वर असतो आणि खालून फायबर येते. फायबरमध्ये दर मीटरला पाच नॅनोसेकंद लागतात आणि तो उशीर यंत्रणा स्वतःच मोजून घेते. राहतात ते छोटे जंपर आणि फिल्टर. तीन मीटरचा जंपर म्हणजे जवळपास १२ नॅनोसेकंद, जमिनीवर साडेतीन मीटर. टेपचं पहिलं टोक झिजलेलं असलं, की सुताराचं प्रत्येक माप तेवढ्यानेच चुकतं; हा उशीरही तसाच, प्रत्येक फोनच्या मापात निमूट मिसळलेला.

घड्याळं

गच्चीवर एक पांढरी, छत्रीच्या मुठीएवढी वस्तू असते. बहुतेकांच्या ती नजरेतही भरत नाही. ती टॉवरची जीपीएस अँटेना. ती टॉवरची जागा शोधायला बसवलेली नसते. तिचं काम टॉवरला वेळ सांगणं.

फाइव्ह-जीच्या या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच वारंवारितेवर आळीपाळीने बोलतात. सगळ्या टॉवरांनी एकाच वेळी बोलणं आणि एकाच वेळी ऐकणं भाग असतं, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरतं. म्हणून प्रत्येक टॉवरचं घड्याळ सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त मागेपुढे नसावं, असा दंडक आहे. संभाषणासाठी एवढं भरपूर झालं. जागा शोधण्यासाठी मात्र दीड मायक्रोसेकंद म्हणजे ४५० मीटर. प्रत्यक्षात घड्याळं याहून बरीच चांगली चालतात, पण नियम पाळला म्हणून जागा बरोबर येईल, याची हमी नाही. त्यात या जीपीएस अँटेनाची केबल वीस-तीस मीटर लांब असते. तिच्यातला उशीर सेटिंगमध्ये भरायचा राहिला, तर टॉवरचं घड्याळ शंभरेक नॅनोसेकंद मागे पडतं. तीस मीटर तिथेच गेले.

यातून वाट काढायला जाण्यायेण्याचा एकत्र वेळ मोजतात. टॉवर फोनला हाक देतो, फोन ओ देतो. दोघेही आपापल्या घड्याळावर हाक आणि ओ यांतलं अंतर टिपतात. दोन्ही मापं जुळवली, की घड्याळांतला फरक आपोआप कटतो. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या फाइव्ह-जी मानकांच्या सोळाव्या आवृत्तीत ही रीत अनेक टॉवरांसह वापरण्याची तरतूद आली. घड्याळाची चूक अशी कटते. लहर अँटेनाला लागल्यापासून आत चिपमध्ये तिची वेळ नोंदली जाईपर्यंतचा उशीर मात्र कटत नाही. सगळ्या युक्त्या संपल्यावर शेवटी प्रश्न अँटेनापाशी आणि तिच्या मागच्या वायरींपाशीच येऊन थांबतो.

खोडदची शिकवण

हे समजून घ्यायला मी नारायणगावजवळच्या खोडदला गेलो. तिथली महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, फोन शोधत नाही. उलट तिथे फोन बंदच ठेवायचे, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरींपुढे आपला फोन फार मोठ्याने ओरडतो. पण अनेक अँटेनांच्या चुका कशा शोधायच्या, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर दाखवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांमधून, उसाच्या फडांपलीकडून त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. प्रत्येकीचा सिग्नल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. प्रत्येक फायबरची लांबी वेगळी, प्रत्येक रिसीव्हरचा स्वभाव वेगळा, तापमानाबरोबर होणारा बदल वेगळा.

या चुका काढण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ मधूनमधून दुर्बीण एखाद्या ओळखीच्या स्रोताकडे वळवतात. थ्री-सी ४८, थ्री-सी १४७, थ्री-सी २८६ ही त्यांची ठरलेली नावं. या स्रोतांची जागा आणि तेज आधीच पक्कं ठाऊक असतं. तिकडे पाहिल्यावर काय दिसायला हवं ते माहीत, काय दिसतंय तेही समोर. दोन्हींतला फरक ही तबकड्यांची चूक. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. म्हणजे ४३५ मापं हाताशी आणि शोधायच्या चुका जेमतेम तीस, कारण चूक जोडीची नसते, एकेका अँटेनाची असते. मापं पुष्कळ आणि अज्ञातं थोडी, म्हणून उत्तर ठाम निघतं. मग तीच दुरुस्ती लावून दुर्बीण अनोळखी दिशेकडे वळते.

ओळखीच्या जागेवरचा साक्षीदार

मोबाईलच्या जाळ्याने हीच रीत जमिनीवर आणली आहे. ज्याची जागा सेंटिमीटरपर्यंत मोजलेली आहे असं एक साधन परिसरात ठेवायचं. मानकात त्याला पोझिशनिंग रेफरन्स युनिट म्हणतात. जाळ्याच्या लेखी तो एक साधा फोनच. फरक इतकाच, की त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. तो आजूबाजूच्या टॉवरांचे सिग्नल मोजतो आणि मापं पाठवतो. अंतर इतकं आहे तर वेळ इतका यायला हवा होता, प्रत्यक्षात बारा नॅनोसेकंद जास्त आला. मग हे बारा त्या टॉवरच्या त्या अँटेनाच्या नावावर जमा. त्याच भागातल्या दुसऱ्या फोनच्या मापातून ते वजा करायचे.

दोन साधनांनी एकाच टॉवरचं माप घेतलं आणि वजाबाकी केली, तर टॉवरची चूक जाते. एकाच साधनाने दोन टॉवरांची मापं घेतली आणि वजाबाकी केली, तर साधनाची चूक जाते. दोन्ही वजाबाक्या एकापाठोपाठ केल्या, की उरतं ते बरंचसं खरं अंतर. फोनच्या चुकीचा विचारही करावाच लागतो. त्यात तीन-चार अँटेना असतात आणि हाताची पकड बदलली, की दुसरीच कामाला लागते. म्हणून २०२२ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीत, ज्या मापांमध्ये उशीर जवळपास सारखाच आहे त्यांचे गट करून तशी खूण लावण्याची पद्धत आली. सारखी चूक असलेली मापंच एकमेकांतून वजा करावीत, एवढा साधा विवेक त्यामागे आहे.

याच आवृत्तीत उद्दिष्टंही खाली आली. सोळाव्या आवृत्तीत इमारतीत तीन मीटर आणि बाहेर दहा मीटर, तेही ८० टक्के वेळा, अशी अपेक्षा होती. सतराव्यात सर्वसाधारण वापरासाठी एक मीटरच्या आत आणि कारखान्यांसाठी २० सेंटिमीटरच्या आत, ९० टक्के वेळा, असं लक्ष्य ठेवलं गेलं. अठराव्या आवृत्तीत लहरीच्या फेजवरूनच अंतर मोजण्याची सोय आली. तिथे मापाची एकक लांबीच ८.६ सेंटिमीटर. फेज सेंटर चार सेंटिमीटर सरकलं, तर अर्धी लहर गेली. भूमापनवाल्यांचे ते तक्ते आता टॉवरच्या अँटेनांनाही लागणार आहेत.

भिंती, मजले आणि ११२

या दुरुस्त्यांची मर्यादाही सांगायला हवी. सिग्नल समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून आला असेल, तर अँटेना कितीही शुद्ध असली तरी अंतर लांबच येतं. ती वाट खरोखरच लांबची असते. पण शुद्ध अँटेनाचा इथेही उपयोग होतो. वेळ एक दिशा सुचवते आणि कोन दुसरीच, अशी विसंगती दिसली, की ते माप संशयित ठरवून बाजूला ठेवता येतं. अँटेनाच्याच चुका मोठ्या असतील, तर विसंगती भिंतीमुळे आहे की आपल्यामुळे, हे ओळखता येत नाही.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असं वाचकाच्या मनात आलंच असेल. उघड्या मैदानात नकोच. पण जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवर आहेत आणि त्यांचा सिग्नल काँक्रीटच्या दोन-तीन स्लॅबखाली टिकत नाही. माणूस पडतो, भाजतो, घाबरतो तो पुष्कळदा घरातच. ११२ ला फोन लागल्यावर पहिला प्रश्न असतो, “कुठून बोलताय?” त्यावर “गणपतीच्या देवळामागं, दुसरी गल्ली” असं सांगायला शुद्ध आणि धीर दोन्ही लागतात. लहान मूल, परगावचा मजूर, बोलताच न येणारा रुग्ण यांच्याकडे ते नसतं. २०१६ च्या नियमांनी भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण १ जानेवारी २०१७ पासून सक्तीचं केलं. बटण दाबल्याचं कळणं आणि दाबणाऱ्यापर्यंत पोचणं यांच्यामध्ये हेच मीटर उभे आहेत.

अमेरिकेत दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये कंपन्यांना टप्पे बांधून दिले. आणीबाणीच्या मोबाईल कॉलपैकी ८० टक्के कॉलमध्ये आडवी जागा ५० मीटरच्या आत सांगता आली पाहिजे, हे त्यातलं शेवटचं पाऊल. पुढे उंचीसाठी तीन मीटर वर-खाली, म्हणजे जवळपास एका मजल्याची अट आली. मुंबई-ठाण्याच्या चाळीस मजली इमारतींचा विचार केला, की ही उंची किती मोलाची आहे ते लगेच कळतं. आडव्या नकाशावर बिनचूक असलेला बिंदू तिथे चाळीस दारं दाखवतो.

आकड्याबरोबर त्याची चूकही

ठिकाण अचूक कळणं ही सत्ताही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२४ च्या जुलैमध्ये, जामिनावर सुटलेल्या माणसाने आपला ठावठिकाणा गूगल मॅप्सवरून पोलिसांना सतत दाखवत राहावा ही अट त्याच न्यायालयाने अमान्य केली. मीटरभर नेमकं होणारं जाळं आणीबाणीपुरतं आणि कायद्याच्या चौकटीतच वापरलं गेलं पाहिजे. कुणी, कधी, कशासाठी ठिकाण मागितलं याची नोंद फोनच्या मालकाला पाहता आली पाहिजे.

पण अचूकता हाच धोका आणि अंदाज सुरक्षित, असंही मला वाटत नाही. अर्धवट अंदाज जास्त घातक असतो, कारण तो अंदाज असल्याचं कुणी सांगत नाही. जिन्याच्या तोंडाशी घेतलेला पत्ता, चार घरांवर तोडलेला आकडा आणि अदलाबदल झालेली केबल या सगळ्यांतून निघालेलं ‘लोकेशन’ कागदावर अगदी ठाम दिसतं. कागद पाहणाऱ्या हवालदाराला किंवा वकिलाला त्यामागचे मीटर दिसत नाहीत. खोडदला मी जे शिकलो ते इथे लागू आहे. शास्त्रज्ञ आकडा देतात तेव्हा चुकीची कक्षाही सोबत देतात. ती दिली नाही, तर त्यांच्या लेखी तो आकडाच नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. साइटला एक पत्ता पुरे नाही. प्रत्येक अँटेनाचा संदर्भबिंदू भूमापनाच्या शिस्तीने मोजला जावा. अँटेना बदलली, ब्रॅकेट हलला, जंपर नवा आला, की त्या दिवशीच नोंद बदलावी. हे काम करणाऱ्या रिगरला त्यासाठी चांगलं उपकरण, प्रशिक्षण आणि पुरेसा वेळ मिळावा, कारण दिवसाला किती साइट उरकल्या यावर मेहनताना ठरला, तर सेंटिमीटर कुणी मोजत बसणार नाही. रुग्णालयं, मोठी स्थानकं आणि उंच वसाहतींच्या परिसरात ओळखीच्या जागेवरची संदर्भसाधनं बसवावीत. आणि ११२ च्या पडद्यावर असो वा न्यायालयाच्या कागदावर, प्रत्येक ठिकाणाशेजारी ते किती मीटरपर्यंत खरं आहे, हे लिहिलेलं असावं. दुसऱ्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्या जाळ्याने आधी स्वतःचा हिशेब चोख ठेवावा. आपण त्याच्या शब्दावर रुग्णवाहिका पाठवतो आणि त्याच्याच शब्दावर माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करतो.